धाकट्या जावेची मोकळी जागा

माझ्या लेबलवर काय नव्हतं! मधोमध आंब्यांचा घोस, त्यामागे समुद्र, समुद्रात शिडाची होडी, होडीमागे मावळता सूर्य, वर कमानीसारखं वाकवलेलं दुकानाचं नाव. डाव्या कोपऱ्यात गणपती, उजव्या कोपऱ्यात नारळाचं झाड आणि खाली लाल पट्ट्यावर पिवळ्या अक्षरांत ‘घरगुती, शुद्ध, अस्सल’. हे लेबल मी स्वतः कागदावर रंगवलं होतं आणि मग रत्नागिरीतल्या छापखान्यात उभं राहून, रंग मनासारखा उतरेपर्यंत त्या माणसाचं डोकं खाऊन छापून घेतलं होतं. आमच्या आमरसाच्या डब्यांवर, आगळाच्या म्हणजे कोकमाच्या दाट रसाच्या बाटल्यांवर, फणसपोळीच्या पाकिटांवर कित्येक वर्षं तेच लेबल होतं.

आमचं दुकान गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर आहे, घराला लागूनच. देवदर्शन करून परतणाऱ्या गाड्या थांबतात, माणसं पाय मोकळे करतात, कोकम सरबत पितात आणि दोन-चार वस्तू घेऊन जातात. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून या दुकानात जे काही रंगीत होतं ते माझ्या हातचं होतं. माझे वडील खेडमध्ये पाट्या रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठीवरची अक्षरं, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार. त्यांच्याजवळ बसून मी कुंचला धरायला शिकले. पत्र्यावर खडू लावलेली सुतळी ताणून टिचकी मारायची, की सरळ पांढरी रेघ उमटते, हे मला मुळाक्षरांच्या आधी येत होतं. वडील म्हणायचे, “पत्रा गिऱ्हाइकाने दिलाय, त्यातला तसूभरही फुकट घालवायचा नाही.” मी तसूभरही फुकट घालवला नाही. सासरी सगळे म्हणत, “आमच्या सुनेच्या हातात कला आहे.” हे वाक्य मला फार आवडायचं. घरात असं वाक्य एकाच सुनेला मिळतं, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मग धाकटा दीर मुंबईची नोकरी सोडून बागायत बघायला परत आला. सोबत त्याची बायको. ती उपयोजित कलेचं शिकलेली, जाहिरातींच्या कंपनीत काम केलेली. इथे आल्यावरही माडीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून कुणाकुणाची कामं करायची. पहिलं वर्षभर तिने दुकानाच्या कुठल्याही गोष्टीबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटलं, तिला तिचं बरं, मला माझं.

सीझनच्या तोंडावर लेबलं संपत आली. मी शहरात जाऊन पुन्हा छापून आणणार होते. जेवताना दीर म्हणाला, “वहिनी, या खेपेला हिला करून बघू दे का?”

सगळे पानावर बसलेले. सासूबाई, माझे यजमान, ती स्वतः. मी आमटी वाढत होते.

“दे की,” मी म्हटलं. “मला काय.”

आठवड्याभराने तिने एक कागद आणून पडवीतल्या टेबलावर ठेवला. पिवळा रंग, पण माझा भडक पिवळा नाही. हापूस कापल्यावर आत दिसतो तो. उजवीकडे खाली एकच आंबा, तोही अर्धा. उरलेला अर्धा कागदाच्या कडेने कापलेला. वर डावीकडे दुकानाचं नाव, बारीकसं. त्याखाली एक ओळ. बस्स. बाकी सगळा कागद मोकळा.

“बाकीचं कुठे आहे?” मी विचारलं.

“बाकीचं म्हणजे काय, वहिनी?”

“समुद्र, होडी. गणपती तरी.”

ती हसली नाही. हसली असती तर मला भांडता आलं असतं. “वहिनी, बघणाऱ्याची नजर आधी आंब्यावर जावी, मग नावावर. आजूबाजूला काही नसलं की नजर दुसरीकडे पळत नाही. आपल्याच रस्त्यावर बघा ना, सगळ्यांच्या बाटल्यांवर समुद्र आहे. मग आपला कुठला, ते कसं कळणार?”

सासूबाईंनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. माझ्या लेबलला त्या वर्षानुवर्षं “छान रंगीत आहे” म्हणत आल्या होत्या. आता त्या म्हणाल्या, “डोळ्यांना गार वाटतंय गो.”

रंगीत आणि गार या दोन शब्दांत किती अंतर आहे ते मला त्या दिवशी कळलं. मी आत गेले आणि उगाचच पातेली घासायला काढली.

लेबल छापून आलं. त्या सीझनला जे झालं ते मी दुकानाच्या गल्ल्यामागे उभी राहून रोज बघत होते. गाडीतून उतरलेली माणसं पूर्वी सरबत मागायची आणि मग नजर फिरवायची. आता ती थेट फळीकडे जायची आणि डबा उचलायची. पुण्याकडच्या एक बाई आल्या. त्यांनी डबा उचलून बाहेर कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर ठेवला, मागे कलमांची हिरवळ येईल असा धरला आणि फोटो काढला. मग आत येऊन मला म्हणाल्या, “काय सुंदर पॅकिंग आहे हो तुमचं! तुम्हीच केलंत का?”

“नाही,” मी म्हटलं, “धाकट्या जावेने.”

“त्या मुंबईच्या वाटतात.”

“हो. मुंबईच्याच.”

ही प्रश्नोत्तरं त्या उन्हाळ्यात माझी तोंडपाठ झाली. दरवेळी ‘धाकट्या जावेने’ म्हणताना जीभ जरा जड व्हायची, कच्ची कैरी खाल्ल्यावर दात आंबतात तसं काहीतरी व्हायचं. माझी जुनी लेबलं लावलेल्या आगळाच्या काही बाटल्या उरल्या होत्या. मी त्या पुढच्या रांगेत मांडायचे. संध्याकाळी बघावं तर मागे सरकलेल्या असायच्या. कुणी मुद्दाम सरकवत नव्हतं. गिऱ्हाईकच त्यांच्यावरून हात नेऊन मागची पिवळ्या लेबलची बाटली काढत होतं.

आणि ती वाईट नव्हती, हीच मोठी पंचाईत होती. माझं अंग दुखत असलं की मी न सांगताच ती स्वयंपाकघर सांभाळायची. सासूबाईंची वेणी घालायची. माझ्या लेकीला फोनवर तासन् तास समजावून सांगायची, कुठल्या कॉलेजात काय शिकवतात ते. माझ्या यजमानांना मी एकदा म्हटलं, “तुमच्या भावाची बायको जरा जास्तच गोड आहे.” ते पेपर वाचत होते. म्हणाले, “मग चांगलंच आहे की.” पुरुषांना या गोष्टी समजावून सांगता येत नाहीत.

तिला विचारायचं नाही, पण तिला येतं ते आपल्याला यायला हवं, असं मी ठरवलं. दुपारी घर आडवं झालं की मी मागच्या खोलीत फोनवर व्हिडिओ बघायला बसायचे. आधी हिंदीतले, मग इंग्रजीतले, थांबवून थांबवून. त्यात एकजण सांगायचा की, काहीही तयार केलंत की डोळे किलकिले करून बघा. सगळं धूसर झाल्यावर जे उरतं तेच लोकांना पहिल्यांदा दिसतं. मी माझं जुनं लेबल समोर धरलं, डोळे बारीक केले. गढूळ पाण्यासारखा एक डाग दिसला. तिचं लेबल धरलं. पिवळ्यावर केशरी गोल, आणि वर एक काळी रेघ. म्हणजे आंबा आणि नाव. चक्क.

मग मला तो नादच लागला. घरात येणारी प्रत्येक लग्नपत्रिका मी डोळे बारीक करून बघायचे. एकेका पत्रिकेत अक्षरांच्या पाच-पाच तऱ्हा. वरपक्ष एका वळणाचा, वधूपक्ष दुसऱ्या, मामांचं आग्रहाचं निमंत्रण तिसऱ्याच, आणि लग्न कुठे आहे तेच सापडत नाही. रत्नागिरीच्या स्टँडजवळ चौकात लटकलेले वाढदिवसाचे फ्लेक्स बघायचे. इतके चेहरे, इतक्या लहान-मोठ्या आकारात, की वाढदिवस कुणाचा ते कळू नये. एकत्र असायला हवं ते एकत्र ठेवावं, वेगळं असायला हवं त्यात अंतर सोडावं, जे महत्त्वाचं ते मोठं करावं आणि सगळंच मोठं करू नये, एकच रंग पुन्हा पुन्हा वापरला की वस्तू एका घरातल्या वाटतात. हे शिकताना काही गोष्टी मला आधीच येत होत्या असं लक्षात यायचं. सगळ्या ओळी एका रेघेत सुरू व्हाव्यात, हे तर वडिलांच्या सुतळीनेच शिकवलं होतं. त्याला नाव असतं एवढंच माहीत नव्हतं. मोकळ्या जागेचं मात्र पटायला वेळ लागला. एकदा सणाला पानं वाढताना सासूबाई धाकटीला म्हणाल्या, “मीठ, लिंबू, चटणी डावीकडे. आणि मध्ये जागा सोड गो, सगळं एकमेकांत गेलं तर कशाचीच चव लागत नाही.” तेव्हा मी हातातली वाटी घेऊन उभीच राहिले.

मला वाटलं होतं, शिकले की मनातली जळजळ कमी होईल. झालं उलटंच. एके दिवशी मी तिचं लेबल पुन्हा हातात घेतलं आणि नव्या डोळ्यांनी बघितलं. दुकानाच्या नावाचं पहिलं अक्षर जिथे सुरू होत होतं, बरोब्बर त्याच्याच खाली त्या ओळीचं पहिलं अक्षर होतं. त्या ओळीचा तपकिरी रंग आंब्याच्या देठाचा होता. आंबा कडेला कापला होता म्हणून तो लेबलपेक्षा मोठा वाटत होता, जणू डब्याच्या मागच्या बाजूला उरलेला असेल. मी खरंच डबा फिरवला. मागच्या बाजूच्या वेगळ्या चिठ्ठीवर तो उरलेला अर्धा होता. आतापर्यंत मला वाटायचं, हिचं नशीब, हिची मुंबई. आता तिने काय काय केलंय ते एक एक करून दिसायला लागलं. ती किती चांगली आहे हे घरात नेमकं कळणारी आता मी एकटीच होते. बाकी सगळे नुसतं छान म्हणत होते. मला ते छान का आहे हे कळत होतं, आणि तो भोग काही औरच असतो.

पुढच्या वर्षी रस्ता रुंद करायला घेतला. आमची जुनी पाटी, अर्थात मी रंगवलेली, काढून आत सरकवावी लागणार होती. ती काढताना गंजलेला पत्रा मधोमध फाटला. नवी पाटी हवी. आता कुणी विचारलंही नाही. धाकटीने पाटीचं चित्र लॅपटॉपवर केलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं.

सुंदर होतं. दुधाळ पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट पिवळी, बारीक, उंच अक्षरं. कोपऱ्यात तोच अर्धा आंबा. दीर म्हणाला, “एक नंबर.” सासूबाई म्हणाल्या, “बरं दिसतंय.”

मी डोळे बारीक केले. पाटी कोरी दिसली.

माझ्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. खोटं कशाला सांगू, आनंद झाला. मी शक्य तितक्या शांत आवाजात म्हटलं, “वळणावरून गाडी येते तेव्हा पाटी डोळ्यांपुढे किती वेळ असते? आणि दुपारचं ऊन थेट पत्र्यावर पडतं. पांढऱ्यावर हे पिवळं कुणाला दिसणार नाही. डबा माणूस हातात धरून वाचतो. पाटी गाडीतून वाचतो.”

मी वाट बघत होते. ती वाद घालेल, मुंबईतलं काहीतरी काढेल, तिचा चेहरा जरा तरी पडेल. ती स्क्रीनपासून लांब गेली, दारापाशी उभी राहिली, तिनेही डोळे बारीक केले. आणि उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाली, “वहिनी, किती बरोबर! मी टेबलावर बसून बघत होते ना, तेच चुकलं माझं.”

झालं. एवढी वाट बघून हाताशी आलेली गोष्ट, तिने हसत हसत माझ्याकडून काढून घेतली. आणि पुढचं तर त्याहून. तिने तिथल्या तिथे रंग उलटे केले. आंब्याचा तोच पिवळा पूर्ण पत्र्यावर, त्यावर आगळाचा गडद तपकिरी-लाल. दुकानाचं नाव काढून खाली बारीक केलं आणि मधोमध एकच शब्द, पत्र्याच्या निम्म्या उंचीचा: ‘आमरस’. “जाणाऱ्या माणसाला आपलं नाव काय करायचंय? आमरस दिसला की थांबेल,” ती म्हणाली. चूक मी दाखवली होती. उत्तर मला सुचलं नव्हतं. ते तिला तेवढ्यात सुचलं.

“पण एक आहे,” ती म्हणाली, “हे फ्लेक्सवर छापायचं नाही. तुम्ही रंगवा. छापलेलं अक्षर आणि कुंचल्याचं अक्षर यात फरक पडतो.”

मी रंगवली. अंगणात पत्रा आडवा टाकून, गुडघे टेकून. सुतळी, खडू, टिचकी. ‘आ’चा काना ओढताना श्वास धरावा लागतो आणि शेवटी कुंचला जरा फिरवून उचलावा लागतो, नाहीतर कड फाटते. ती कट्ट्यावर बसून बघायची. पाटी लागली तेव्हा शेजारच्या वाडीतल्या बायका बघायला आल्या आणि म्हणाल्या, “धाकट्या सुनेने काय पाटी केलीय!” ती लगेच म्हणाली, “हात वहिनींचा आहे.” बायका म्हणाल्या, “हो का?” आणि पुन्हा तिच्याचकडे बघून हसल्या. तिने माझी बाजू घेतली म्हणून मला जास्तच लागलं. दुसऱ्याने हातात ठेवलेलं कौतुक आपलं वाटत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी मी आंब्याच्या पेट्या ठेवायच्या शेडकडे गेले. आतून खरडल्यासारखा आवाज येत होता. वाटलं, मांजर असेल. फटीतून बघितलं तर ती होती. जुन्या फाटक्या पाटीचा अर्धा तुकडा भिंतीला टेकवून, त्याच्या पाठीवर, माझ्या कुंचल्याने ती ‘आ’ काढत होती. काना वाकडा गेला. तिने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून तो पुसला. पुन्हा काढला. शेवटाला कड फाटली. पुन्हा पुसला. तिसऱ्या खेपेला तिने कुंचला पत्र्यावर आपटला आणि स्वतःशीच दात-ओठ खात काहीतरी म्हणाली. तिचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. गोड नव्हता. कपाळावर आठी, ओठ मुडपलेले, आणि पत्र्याकडे बघणारी नजर अशी, की समोर कुणी माणूस असतं तर त्याने मागे पाऊल घेतलं असतं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. मी तिच्या लेबलकडे तशीच बघत आले होते.

मी तिथून हलले नाही. सरळ सांगायचं तर, माझ्या मनाला त्या दोन वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मग आवाज न करता परत आले, चहा टाकला, दोन कप केले आणि तिला हाक मारली. ती आली. नखांत लाल-तपकिरी रंग होता. तिने हात पदराखाली घेतले. मी कप पुढे केला.

शिकवायला मी लगेच गेले नाही. ते सुख मला थोडे दिवस पुरवून खायचं होतं. ती रोज दुपारी शेडमध्ये जात राहिली, कुंचल्याचे केस रोज थोडे आणखी वाकडे होत राहिले. शेवटी एकदा, नारळ खवताना, तीच म्हणाली, “वहिनी, एक विचारू? काना ओढताना तुमचा हात थरथरत कसा नाही? कॉलेजात सुलेखनात मी कशीबशी पास झाले. सगळे म्हणायचे, कॉम्प्युटर आहे की, काय अडतं? पण अंगणात तुम्ही ती पाटी करत होतात ना, तेव्हा मला…” ती थांबली. “मला वाईट वाटलं. म्हणजे तुमच्याबद्दल नाही. तुमच्यामुळे.”

“हेवा वाटला,” मी म्हटलं.

तिने मान खाली घातली. “हो.”

“मला वाटतोच,” मी म्हटलं. “रोज. ते लेबल आल्यापासून.”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग दोघी हसलो. फार नाही. हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. विळीवरचं खोबरं तसंच राहिलं आणि सासूबाई आतून ओरडल्या, “नारळ खवताय की झाड लावताय गो?”

आता ती माझ्याकडे कुंचला शिकते आणि मी तिच्याकडे लॅपटॉप. ती बोटांनी धरते, मी सांगते, खांद्यातून ओढ. मी स्क्रीनवर सगळं एकमेकांना चिकटवते, ती सांगते, “वहिनी, श्वास घेऊ द्या त्याला.” दोघींनाही दुसरीची चूक काढताना गोड वाटतं, हे दोघींना माहीत आहे. बाहेरचीही कामं येतात. अलोऱ्याहून एकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका करून नेली. मामांचं आग्रहाचं निमंत्रण शेवटपर्यंत काढू देईनात, पण अक्षराचं वळण एकच ठेवलं.

मागच्या महिन्यात बंदरावरच्या एका बाईंनी बोलावलं. सुक्या मासळीचा त्यांचा गाळा, त्यावर पाटी हवी होती. आम्ही दोघी स्कूटरवरून गेलो. मी गाळा बघितला, उजेड बघितला, पत्रा कुठे बसेल ते बघितलं. माझ्या डोक्यात पाटी तयार झाली: निळा पत्रा, पांढरी अक्षरं, मध्ये एक बांगडा, भोवती भरपूर मोकळी जागा. मनातल्या मनात मी खूश झाले. यात तिला काही चूक काढता येणार नव्हती.

ती त्या बाईंशी गप्पा मारत होती. बोलता बोलता तिने वाळत घातलेल्या सोड्यांची, सोललेल्या सुक्या कोळंबीची, टोपली उचलून दारातल्या उन्हात धरली. “वहिनी, हा रंग बघा,” ती म्हणाली. “केशरी, गुलाबी, दोन्ही. अख्खी पाटी या रंगाची केली तर? बंदरावर सगळं निळंच आहे.”

मी बघितलं. होड्या निळ्या, ताडपत्र्या निळ्या, पिंपं निळी, समोर समुद्र. माझी निळी पाटी त्यात कुठे बुडाली असती कळलंही नसतं.

“चालेल,” मी म्हटलं. मग मी त्या बाईंना विचारलं, “पत्रा केवढा घ्यायचा?”, आणि पिशवीतून टेप काढून मापं घ्यायला लागले.